शिंकूबाई आणि गादीवाला

माझा धाकटा भाऊ गाद्या बनवतो. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगण्यासारखं? अहो, तो गादी तपासतो कशी ते तर ऐका. शिवून झाली की दार लोटून घेतो आणि तिच्यावर आडवा होतो. झोप लागली तर गादी पास. नाही लागली तर उसव, पुन्हा भर! गिऱ्हाईक दारात आणि मालक आत घोरतोय, असं कितीदा झालंय. उठवलं की वर मलाच ऐकवतो, "ताई, काम चालू आहे, दिसत नाही?" केसांवर कायम कापूस, म्हणून गल्लीनं त्याला पंचविशीतच 'आजोबा' करून टाकलं. दुकानातल्या खोळी मी शिवते, तेव्हा त्याची सगळी नाटकं मला तोंडपाठ.

आणि अशा माणसाच्या पोटी मुलगी आली ती धुळीचं वावडं घेऊन! रांगायला लागली तशी शिंकायला लागली. नाक गळतंय, अंगावर चट्टे उठतायत. घरात ती शिंकूबाईच झाली. भाऊ घरी यायचा तो रस्त्यातूनच ओरडत, "आलो रे!" ते ऐकलं की वहिनी पोरीला आत न्यायची. हा मागच्या नळावर अंघोळ करून, कपडे बदलून, मगच तिला उचलणार. दुकानात तर तिला पाऊल टाकायची बंदी. खिडकीतून हात लांब करून ती बापाची वाट बघायची, आणि हा बिचारा मान खाली घालून खिडकीखालून जायचा. मला फार वाईट वाटायचं.

ती चार वर्षांची असताना तिला ताप आला, अंगावर पुरळ उठलं. झालं! आम्हाला सवयच. पडदे धुतले, चादरी उकळल्या, नेहमीचं औषध पाजलं, भावाची दुकानात रवानगी केली. पण ताप काही हटेना. डोळे लालभडक, ओठ फुटलेले, हात सुजलेले. चार-पाच दिवसांनी वहिनी चादर पिळता पिळता थबकली. म्हणाली, "ताई, सगळं आहे, पण ही शिंकत का नाही हो?"

खरंच की! तशीच पोर खांद्यावर टाकून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तिची जीभ पाहिली, हात पाहिले आणि लगेच दाखल करून घेतलं. "ही अ‍ॅलर्जी नाही. कावासाकी नावाचा आजार आहे, यात रक्तवाहिन्यांना सूज येते. हृदयाच्या वाहिन्या जपायला हव्यात." शिरेतून औषध दिलं, ताप उतरला. पण हृदयाची एक वाहिनी जराशी फुगलेली दिसली. बहुतेकदा भरून येते, दीड महिन्यानं पुन्हा बघू, म्हणाल्या.

भावानं विचारलं, "हिला आधीपासून अ‍ॅलर्जी आहे. त्याचा काही संबंध?"

बाईंनी लपवाछपवी केली नाही. "अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांत हा आजार थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यास सांगतात. का, ते अजून नीट कळलेलं नाही. पण संबंध दिसला म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं नसतं. तुमच्या कापसानं काही केलेलं नाही."

आमच्या शहाण्यानं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. दुकानाला कुलूप ठोकलं आणि किल्ली माझ्या हातात कोंबली. "संपलं, ताई. आता कापसाला हात लावणार नाही." चपलांच्या दुकानात खोकी रचायला लागला. झोप उडाली, गालफडं बसली. मी ओरडले, "अरे गाढवा, बाई पुढे काय म्हणाल्या ते ऐकलंस का?" छे! पालथ्या घड्यावर पाणी.

तपासणीचा दिवस आला. बाई यंत्राच्या पडद्यावर तिचं हृदय बघत होत्या, आम्ही बाईंच्या तोंडाकडे. शेवटी त्या हसल्या. "वाहिनी पहिल्यासारखी झाली. धावू दे, नाचू दे. अधूनमधून दाखवत राहा."

वहिनीनं हुंदका दिला. भाऊ पुटपुटला, "आणि... कापूस?"

"कापसानं हिला फक्त शिंका येतील. किती वेळा सांगू?" मग त्या पोरीला म्हणाल्या, "शहाणी गं माझी. काय बक्षीस हवं?"

"बाबांचं दुकान बघायचंय!"

बाई म्हणाल्या, पुसूनबिसून घ्या, मास्क लावा, थोडा वेळ चालेल. मी कनवटीची किल्ली काढली आणि भावापुढे धरली. घेतली बाबा एकदाची!

दुकान लख्ख पुसलं, कापूस गोण्यांत बंद केला. मधोमध एकच गादी होती, कुलूप लावलं त्या दिवशीची. शिवून झालेली, तपासायची राहिलेली. शिंकूबाई तिच्यावर चढली, दोन उड्या मारल्या आणि आक्छी! आम्ही जागच्या जागी गार. मग दुसरी, तिसरी.

"शिंकली!" भाऊ ओरडला. "अगं, अगदी पहिल्यासारखी शिंकली!" हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. पोरीनं त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं. तो तिच्याशेजारी आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला.

तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक. "आजोबा आहेत का?"

शिंकूबाईनं मास्कवर बोट ठेवलं.

"शूऽऽ! बाबा काम करतायत."