तारेत अडकलेला कापूस

आमची होडी लहानशी, एका शिडाची. कॉलेजात असताना छात्रसेनेच्या शिबिरात मी शीड हाताळायला शिकले, पुढे अमरावतीत शिक्षिका झाले आणि पन्नाशीच्या तोंडावर कोकणातून ही जुनी होडी ट्रकवर घालून आणली. जवळच्या धरणात पाणी असेतो ती चालते. पाणी मागे सरकलं की तिवस्याजवळ चुलतभावाच्या शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये जाते. दादा झेंडू आणि शेवंती लावतो. शेडचा एक कोपरा त्याने मला दिलाय.

डोलकाठी उभी राहते ती तीन पिळदार पोलादी तारांच्या जोरावर. एक पुढून, दोन बाजूंनी. त्यातली एक तुटली तर काठी थेट डोक्यावर. म्हणून होडी ठेवताना मी तारा काढते, गोड्या पाण्याने धुते, वाळवते, मोठी वेटोळी करून सुती नाडीने बांधते आणि खुंटीला टांगते.

यंदा एप्रिलात बघायला गेले तर वेटोळी खुंटीलाच होती, पण नाड्या नव्हत्या. पोत्याच्या सुतळीने बांधलेली, तीही अशा गाठीने, जी मी जन्मात मारलेली नाही.

दादा बांधावर होता. "दादा, माया ताराले कोनी हात लावला का?"

"मले काय करायचं तुया ताराचं?" फुलांकडून नजर न काढता तो म्हणाला.

नजर काढली नाही, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी आत जाऊन पुढची, सगळ्यांत लांब तार उलगडली. पिळांच्या खाचांत काळी माती बसली होती. होडीच्या तारेला शेतातली माती कुठून लागणार? मग मी आजूबाजूला पाहू लागले. फुलांच्या दोऱ्या कशाला बांधल्यात? फाटक कशाने ओढलंय? विहिरीतली मोटर वर काढायला काय वापरतात? दुपारी जेवायला बसले तरी अंगणातली कपडे वाळवायची तार मी डोळ्यांनी मोजत होते. वहिनीने दोनदा विचारलं, "ताई, भाजी खारट झाली का?"

जेवण झाल्यावर कापसाचा बोळा घेऊन बसले. तार तपासायची ही साधी रीत. बोळा तारेवरून सावकाश ओढायचा. आतला एखादा धागा तुटला असेल तर कापूस अडकतो. पुढच्या तारेवरून तो अलगद गेला. उजवीवरून गेला. डाव्या तारेच्या खालच्या टोकाजवळ, जिथे मी चिकटपट्टी गुंडाळली होती त्याच्या लगेच वर, थांबला. पांढरा पुंजका तिथेच राहिला.

मी तशीच तार हातात घेऊन अंगणात गेले. "हिरीतली मोटर वढली ना या तारानं? सांग खरं. ही तुटली असती आन् मी पान्यात असती तं?"

दादाचा चेहरा उतरला. बोलली ती वहिनी.

"वढली. पन ही नाई, ताई. ती लांबवाली. हिरीतली मोटर बंद पडली, दोर सडेल होता, फुलं वाळून राहिले होते. मीच म्हनलं यायले, आना ती तार. मंग धुवून ठेवली. तुमच्या नाड्या चिखलात खराब झाल्या, म्हनून सुतळी बांधली."

"हे तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"तू चिडशीन म्हनून," दादा पुटपुटला.

मला पटलं नाही. एक कबूल केली, दुसरी लपवत असणार. दोघं उभी असतानाच मी डाव्या तारेवरची चिकटपट्टी सोलायला घेतली. खाली तपकिरी गंज होता, पट्टीच्या बरोबर रुंदीचा, आणि दोन धागे गंजून तुटलेले, एकाचं टोक वर डोकावणारं. पट्टीवर मातीचा कण नव्हता. ती दोन वर्षांपूर्वी, होडी आणली तेव्हा, मीच लावली होती, शीड टोकाला घासून फाटू नये म्हणून. कोकणातलं मीठ आणि ओल मी स्वतः आत कोंडून ठेवली होती, आणि वरून धुवून वाळवून निर्धास्त झाले होते.

"दादा, हे मायंच काम हाय," मी म्हटलं. म्हणायला फार वेळ लागला.

त्याने तार हातात घेऊन गंज नखाने खरवडला. "मंग मी मोटर वढली ती तार?"

"ती बदलाच लागते. आतून वाकली असंन तं दिसनार नाई."

मुंबईहून तिन्ही तारा नव्या मागवल्या. आता टोकांना चिकटपट्टी लावत नाही, उघडीच ठेवते. दादाने विहिरीसाठी साखळी आणली आणि मला मुद्दाम नेऊन दाखवली. साखळी चांगली आहे, मी म्हटलं. तरी जाते तेव्हा तिन्ही तारांच्या खाचांतून आधी नख फिरवते. वहिनी दारातून बघत असते, आणि तिला माहीत आहे मी काय शोधतेय.