बियाण्याचं मडकं

संगणकाच्या पडद्यावर मी एक गाव वसवलं आहे. एक ठिपका म्हणजे शेतकऱ्याचं एक घर. घरातलं धान्य संपलं की हिरवा ठिपका लाल होतो. कॉलेजच्या प्रकल्पातलं हे गाव दुसऱ्याच वर्षी सगळं लाल होऊन बसायचं. पाऊस वाढवला, तरी तेच. सोमवारी सरांना काय दाखवणार होते मी?

काल आई शेंगा फोडत मागे येऊन बसली. "ही माणसं पेरतात काय गं?"

"उरलेली ज्वारी."

"उरतेय कुठं? खाऊन बसलीत सगळी! बियाणं आधी राख लावून मडक्यात ठेवतात. पोरं रडली तरी त्याला हात लावत नाहीत. कॉलेजात हे नाही होय शिकवत?"

भूक लागली की खायचं, एवढंच मी त्या घरांना शिकवलं होतं. मी एक ओळ वाढवली: बियाणं आधी बाजूला. आषाढात कितीतरी ठिपके लाल झाले, पण सुगीला एकेक करत हिरवे झाले. तिसरं वर्ष, चौथं वर्ष, गाव चालतच राहिलं! मी उडीच मारली.

भरल्या मडक्याशेजारी उपाशी झोपायला काय लागत असेल, ते मात्र मला अजून मांडता येत नाही. आईनं आषाढातल्या एका लाल ठिपक्यावर हळूच बोट ठेवलं. म्हणाली, "ही बाई खमकी आहे बघ."