पिवळ्या स्टिकरचा उपवास

"बाई, ह्ये पाखरांला टाकायचं हाय का माणसांनी खायचं?"

गोदाकाकूंनी पिवळ्या स्टिकरचं पाकीट हात लांब करून धरलं होतं. मी सकाळपासून उभी होते आणि माझे पाय भरून आले होते.

"माणसांनी, काकू. याला क्विनोआ म्हणतात."

"कोण म्हणतं?"

केजमध्ये तसं कुणीच म्हणत नव्हतं.

मी केज या तालुक्याच्या गावातल्या एका मार्टची स्टोअर मॅनेजर आहे. हे एका साखळीतलं दुकान. कोणता माल ठेवायचा आणि कुठल्या रॅकवर ठेवायचा, हे पुण्याचं हेड ऑफिस ठरवतं. तिथल्या सोसायट्यांसमोरच्या दुकानांत जे खपतं, तेच ट्रकमध्ये भरून इकडे येतं. आमच्याकडे सोया सॉस आला, पास्ता आला. ऑलिव्हची बरणी एकाने बोरांचं लोणचं समजून नेली आणि दुसऱ्या दिवशी एक ऑलिव्ह कमी करून परत आणली.

अशा मालाची एक्सपायरी जवळ आली की किंमत उतरवायची, पाकिटावर पिवळं स्टिकर लावायचं आणि दारातल्या जाळीच्या ट्रॉलीत टाकायचं. याला मार्कडाउन म्हणतात. गिऱ्हाईक अनोळखी वस्तू पूर्ण किमतीत कधीच घेत नाही. स्वस्तात मिळाली तर एकदा चाखून बघतं. तरीही काही उरलंच तर फेकून द्यायचं. तो डंप. डंप दुकानाच्या नावावर पडतो. माल मुळात पाठवला कुणी, हे कुणीही विचारत नाही.

त्याच आठवड्यात एरिया मॅनेजरचा फोन आला होता.

"मॅडम, तुमचा डंप परत वर गेलाय."

"सर, इथे क्विनोआ कोण खाणार?"

"मार्केट क्रिएट करावं लागतं, मॅडम. या महिन्यात खाली आणा. नाहीतर स्टाफमधला एक जण कमी करावा लागेल. लास्ट जॉइनिंग कुणाचं आहे?"

लास्ट जॉइनिंग शोभाचं होतं.

शोभा किराणा सेक्शनला आहे. लग्न झाल्यापासून ती दर वर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब असतो. मागच्या वर्षी तिला आमच्याकडे नोकरी लागली आणि ती गावातच राहिली. तिच्या मुलीने पहिल्यांदाच अख्खं वर्ष एका शाळेत काढलं. नोकरी गेली असती तर दसरा झाला की दोघी मायलेकी ट्रकमध्ये बसल्या असत्या. फोनचं मी तिला काही सांगितलं नाही. पण आमच्या दुकानात फोन बिलं करता करता काउंटरवर, स्पीकर लावूनच घ्यावा लागतो, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू जातं.

तर गोदाकाकू. त्यांच्या गल्लीत कोणत्या उपवासाला काय चालतं, काय चालत नाही, हे बायका त्यांनाच विचारतात. त्यांनी पाकीट खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि विचारलं, "उपासाला चालतंय का?"

हा प्रश्न मला कॉर्नफ्लेक्सबद्दल विचारलेला आहे, पास्त्याबद्दलही विचारलेला आहे. आजवर मी नाही म्हणत आले. पण नवरात्र तोंडावर आलं होतं. साबुदाण्याने बायकांना पित्त होतं, आणि जुन्या भगरीने कुणाला तरी दवाखाना दाखवल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. मी मोबाइलवर शोधलं. क्विनोआ हे गवतवर्गातलं धान्य नाही, राजगिऱ्याच्या कुळातलं आहे, असं तिथे लिहिलं होतं.

"राजगिऱ्याच्या भावकीतलं आहे, काकू."

"भावकीतलं हाय म्हणल्यावर चालंल," काकू म्हणाल्या आणि एक पाकीट घेऊन गेल्या.

घट बसले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी काकू शटरसमोर उभ्या. हातात फोडलेलं पाकीट.

"कडू जहर हाय ह्ये! कावून दिलं मला?"

मी म्हणाले, "काकू, तारीख तर बाकी आहे."

"तारीख घाल चुलीत. नऊ दिस मी एकदाच बसते खायाला. पानावरून उठलं की खाणं संपलं. काल दोन घास खाल्ले न् उठले. दिसभर उपाशी हाय मी!"

मला खरंच वाईट वाटलं. नऊ दिवसांच्या उपवासात एकवेळ जेवणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं ते एकच पान मी नासवलं होतं. आणि मार्कडाउनचा माल परत घ्यायचा नाही, असा कंपनीचा नियम. तो मी त्यांना ऐकवला नाही. मी आणखी दोन शिव्या खाल्ल्या असत्या, पण त्यांच्या मागे गल्लीतल्या दोघी येऊन ऐकत उभ्या होत्या. म्हणजे ट्रॉलीतली बाकीची पाकिटं डंपमध्ये गेलीच.

शोभा पुढे झाली. "काकू, आज मी येते रांधायला. एकडाव बघू."

"परत तेच?"

"टाकून देऊन काय करता? अन्नच हाय की."

काकूंनी पाकिटाचं तोंड दुमडलं आणि त्या घरी गेल्या.

दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. "कडू हाय म्हणल्यावर चोळून धुवावं लागंल," म्हणत शोभाने क्विनोआ पातेल्यात घेतला, पाणी घातलं आणि हाताने चोळला. वर पांढरा फेस आला.

"साबण लावलाय का काय बया ह्याला!" काकू म्हणाल्या.

मी पाकीट उलटं केलं. मागे इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, शिजवण्याआधी चोळून धुवा, असं लिहिलं होतं. ते आजवर कुणीच वाचलं नव्हतं, माझ्यासकट. काकूंनी भगर शिजवतात तसा, एकदा विसळून चुलीवर चढवला होता. इथे नळाला आठवड्याने पाणी येतं. धान्य चार पाण्यांनी धुवायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

शोभा एकेक तांब्या घेत होती आणि काकूंची नजर रांजणावर होती. धुतलेलं पाणी त्यांनी मोरीत जाऊ दिलं नाही, बादलीत धरलं. फेस येईनासा झाल्यावर शोभाने क्विनोआ शिजवला आणि शेंगदाण्याची आमटी केली. आधी घटाला नैवेद्य दाखवला. मग काकू पानावर बसल्या.

शोभा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मी शोभाकडे बघत होते. नोकरीत इतकी वर्षं झाली, पण एका घासाची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

काकूंनी दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"भगरीची सर न्हाई," त्या म्हणाल्या. "पर चालतंय. पाणी तेवढं लई खातंय."

शोभाने पदराने तोंड पुसलं आणि डोळेही पुसून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या. नाव कुणीच घेत नव्हतं. "ते काकूचं भावकीतलं द्या," म्हणायच्या. शोभा प्रत्येकीला बजावायची, "फेस जाईस्तोवर धुवायचं बगा, न्हाईतर माझ्या नावानं बोंब माराल." अष्टमीपर्यंत ट्रॉली रिकामी झाली. सोबत दोघीतिघींनी पास्ताही उचलला, पण तो उपवास सुटल्यावर पोरांना घालायला.

दसऱ्यानंतर ट्रक आला. उतरवून घेतला तर खोक्यांमागून खोकी क्विनोआ, आणि तोही पूर्ण किमतीचा. आमच्याकडे माल खपला की कंप्युटर आपोआप पुढची ऑर्डर टाकतो. जास्त खपला की जास्त टाकतो. का खपला, हे त्याला कळत नाही.

एरिया मॅनेजरचा फोन आलाच. "मॅडम, ग्रेट! केजला हेल्थ फूडचं मार्केट आहे, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं."

"सर, नवरात्र संपलं."

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं.

"ठीक आहे. पण आलेला माल आता परत घेता येणार नाही. मॅनेज करा."

"आणि स्टाफचं, सर?"

"या वेळी राहू द्या. नेक्स्ट टाइम डंप बघून ठरवू."

या धंद्यातून मी एवढंच शिकले की चांगली विक्रीसुद्धा जरा बेतानेच करावी. पण ते आपल्या हातात नसतं.

मागे स्टोअररूममध्ये गेले. शोभा एकटीच खोकी रचत होती. सकाळी तिचा नवरा अर्धा कोयता म्हणून टोळीबरोबर कारखान्यावर गेला होता. त्याला ट्रकमध्ये बसवून, मुलीला शाळेत सोडून ती वेळेवर ड्युटीवर आली होती. खोक्यावरच्या एक्सपायरीच्या तारखेवर बोट ठेवून तिने मला विचारलं,

"मॅडम, म्हाशिवरात्र ह्याच्या आधी येतीय का नंतर?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. महाशिवरात्र आधी होती. पण तो उपवास एकाच दिवसाचा असतो.

"आधी आहे," एवढंच मी तिला सांगितलं.