खरवडलेलं आतडं

लढाई संपली तरी माझा नवरा पलटणीतच होता, आणि माण तालुक्यातल्या त्या उन्हाळ्यात मी धुण्याशिवाय दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही. थोरल्या लेकाला हगवण लागली होती. धड दोन वर्षांचाही नव्हता तो. लांबून हंडाभर पाणी आणायचं, त्यात त्याची फडकी धुवायची, वाळत घालेपर्यंत पुढचं भरायचं. अंगात त्राण उरलं नव्हतं, अक्कल मात्र भरपूर होती. निदान मला तरी तसं वाटायचं.

एके दिवशी फडक्यात शेंबडासारखे पांढरे तुकडे दिसले. झालं, बाईंनी निदान केलं! मी मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. बोकड कापला की बाप आतडं काठीवर उलटं करायचा आणि सुरीच्या पाठीनं आतला बुळबुळीत थर खरवडून टाकायचा. मागे उरायचं नुसतं पातळ कातडं. त्यावर पुन्हा काही उगवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मेलेल्या बोकडाच्या आतड्यावर काय उगवणार, कपाळ? पण तेवढं कुणाच्या डोक्यात यायला?

"आत्याबाई," मी सासूला म्हणाले, "लेकराचं आतडं आतनं सोलून निघालंय. आता पोटात कायबी घालायचं न्हाई."

तिला लंघनाचा भारी भरवसा. "व्हय, ऱ्हाऊ दे कोरडं. आपसूक बांधंल."

पोरगं निपचित पडून राहायला लागलं. मी म्हटलं, वा, उतार पडला! शेवटी आत्याबाईच ओरडली, "आगं, तोंडावर माशी बसलीया, ती बी हाकलंना त्यो!" मग आधी बैलगाडी, मग सर्व्हिस मोटार, मग रेल्वे करत आम्ही दोघी मिरजेच्या दवाखान्यात पोचलो. पोराचं डोकं माझ्या खांद्यावर नुसतं लोंबत होतं.

डॉक्टरांनी मांडीत सुई घालून अंगात पाणी चढवलं. डोळे जरा हलले. मग म्हणाले, "आता भाताची पेज द्या. मीठ घालून, चमच्या-चमच्यानं."

"सोललेल्या आतड्याला सोसंल व्हय?"

"सोललेलं नाही, बाई. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. लवेच्या टोकाकडचे कण मरतात, गळतात. तळाशी नवे होतात, ते वर सरकतात. सगळ्यांचंच रोज चालतं हे. तुमचंही आत्ता गळतंय. याचं गळणं जास्त झालंय आणि भरून निघणं कमी. भुईचे पोपडे निघाले की तुम्ही सारवता ना? मग शेणच आणलं नाही तर सारवणार कशानं?"

एवढ्या सांगण्यातलं मी काय धरलं? तर माझंही गळतंय! दवाखान्याच्या आवारात तीन दगडांवर आत्याबाई रांधत होती. मी भाकरीला हात लावेना. पोट धरून बसले.

"आता तुला काय धाड भरली?"

"माझंबी गळतंय म्हनं."

"मग माझं तर कवाच गळून संपलं असंल की! बसलेया न्हवं तुझ्या म्होरं?" आणि तिनं माझ्या वाट्याचीही भाकरी मोडून तोंडात घातली. तिच्याकडे बघत मी पहिला चमचा लेकराच्या ओठाला लावला.

पुढचे दिवस चमच्याचेच गेले. पेज आत जायची, फडकं भरायचं, त्यात तुकडे असायचेच. प्रत्येक वेळी वाटायचं, बास, थांबावं. मी वाटी बाजूला सारली की आत्याबाई ती पुन्हा माझ्या हातात कोंबायची. मान खाली घालून मी भरवत राहायची, आणि मधेच डुलकी लागून चमचा पोराच्या नाकावर.

मग तुकडे कमी झाले. एका सकाळी ते दिसलेच नाहीत. त्या दिवशी पोरानं वाटी स्वतःच ओढली, चाटून पुसली आणि तो रिकामी वाटी माझ्या गुडघ्यावर आपटायला लागला. पेज संपली होती. आत्याबाई कण्हत उठली नि चूल पेटवायला गेली. त्याला उचलून घ्यावं, मुके घ्यावेत, काही तरी करावं की नाही? मी त्याच्याशेजारी फरशीवर आडवी झाले. पोरानं पेजेचे हात माझ्या तोंडभर फिरवले, तरी मी हलले नाही, असं आत्याबाई पुढं सांगायची.