आदी बोर्डाचा नंबर वाच

काँप्युटरचा डबा टेबलावर ठेवला, की काय बिघडलंय हे काका विचारतच नसत. खणातून भिंग काढायचे, ते आपल्या हातात द्यायचे आणि खुर्ची मागे सरकवून म्हणायचे, "आदी बोर्डाचा नंबर वाच."

गिऱ्हाईक डॉक्टर असो की रिक्षावाला, सगळ्यांना हेच. हातात मासळीची पिशवी असली तरी ती खाली ठेवायची, डब्यात डोकं घालायचं आणि मदरबोर्डावरचा तो मुंगीएवढा नंबर मोठ्याने वाचायचा. त्याशिवाय पुढचं बोलणं नाही. तुम्हीही असा एखादा दुकानदार पाहिला असेल, ज्याच्याकडे जाताना आपण रस्ताभर मनात भांडत जातो आणि तरी दुसरीकडे जात नाही. माझा तो घणसोली गावात होता.

अरुंद गल्लीत त्यांचं तीन मजली घर. वरच्या सगळ्या खोल्या भाड्याने दिलेल्या, तळाला हे दुकान. पूर्वी भातशेती होती, ती सरकारने घेतली. मग ते जवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला लागले. कारखाना बंद पडला, तेव्हा चाळिशीत काँप्युटर शिकले. भाड्यावर घर आरामात चालत होतं. दुकान निव्वळ आवडीवर चाललं होतं, आणि म्हणूनच बहुधा त्यांना कसली घाई नसायची.

मला मात्र घाई होती. मी घरी बसून डीटीपी करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, स्मरणिका. त्या वर्षी गावातल्या शाळेच्या स्मरणिकेचं मोठं काम आलं होतं. दोनशे पानं आणि सगळीकडे जुने फोटो. एक फोटो पानावर ठेवला की माझं मशीन पाच मिनिटं गोठायचं. मी चहा करून यायचे, तरी ते तिथेच.

वाशीच्या दुकानदाराने डब्यात एकदा डोकावून सांगितलं, "मॅडम, हे आता म्युझियमला द्या. पूर्ण सेट नवीन घ्या."

तेच तर करता येत नव्हतं. माझं पानं लावायचं जुनं मराठी सॉफ्टवेअर त्या मदरबोर्डाला बांधलेलं होतं. बोर्ड बदलला की ते उघडणार नाही, आणि ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. माझं बारा वर्षांचं काम त्यात. म्हणजे बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर जास्त वेगाचा बसवायचा, एवढाच मार्ग उरला होता. एवढंच काम. मला वाटलं, एका दुपारचं आहे.

पहिल्यांदा मी मोबाइलवर बोर्डाचा फोटो काढून काकांकडे गेले. नंबर वाचून दाखवला.

"आनि रिव्हिजन?"

"म्हणजे?"

"त्याच नंबरचा बोर्ड दोन-तीन येला सुदारून काढतात. कितवा हाय ते कोपऱ्यात बारीक लिवलेला आसतो."

फोटोत नेमका तो कोपरा कापला गेला होता. दुसऱ्यांदा अख्खा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने गेले, तर दुकान बंद. तिसऱ्यांदा भेटले. मी भिंगातून कोपरा वाचला, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ठेवून जा. या बोर्डाला कोनते प्रोसेसर चालतात त्याची यादी आसते. ती बगायला लागंल."

दोन दिवसांनी विचारलं, "यादी बघितली का, काका?"

"बगतो बाय."

आणखी तीन दिवसांनी, "बगतो ना बाय. रविवार जाऊ दे."

यादी इंटरनेटवर आहे, दोन मिनिटांचं काम, त्याला रविवार कशाला हवा? मी चिडले. डबा उचलला आणि घरी आणला. जाताना बोललेही, "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगायचं." त्यांनी डब्याचं झाकण नीट बसलंय का, एवढं हाताने चाचपून पाहिलं.

मग मी स्वतःच शोधायला बसले. एका ठिकाणी लिहिलेलं, प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्या सॉकेटचा आकडा जुळला की काहीही चालतं. दुसऱ्या ठिकाणी लिहिलेलं, नाही चालत. तिसऱ्या ठिकाणी दोघं भांडत होते आणि शेवटी कुणीच उत्तर दिलं नव्हतं. मला जे ऐकायचं होतं ते मी खरं धरलं. आकडा जुळत होता. त्या सॉकेटचा सगळ्यांत तगडा, वापरलेला प्रोसेसर मागवला. आला, बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला.

पुन्हा काढला, पुन्हा बसवला. काळाच. शेवटी जुना प्रोसेसर परत घालायला गेले. तो तिरका बसतोय असं वाटलं, म्हणून अंगठ्याने जरा दाबला. आता जुन्यावरही पडदा काळा.

शाळेचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर होता. अर्धी स्मरणिका त्या डब्यात अडकली होती. मी खुर्चीत बसून रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन ज्यांना बोलून आले होते त्यांच्याच दारात उभी राहिले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला. "बसवताना ढकललास?"

"थोडंसं."

"मंग पिना वाकल्या."

त्यांनी भिंग दिलं, सोबत शिवणाची एक बारीक सुई दिली. "तुम्हीच करा ना," म्हणत मी सुई त्यांच्या पुढे धरली.

"मी नाय," ते म्हणाले. "तू वाकवल्यास, तूच सरल कर."

सॉकेटमध्ये हजाराहून जास्त पिना, केसासारख्या. आणि हे गृहस्थ खुर्चीत मागे टेकून मला धडा शिकवतायत. मी दात आवळून त्यांचं ऐकत राहिले.

"टॉर्च तिरपी धर. सगल्या पिना एकसारख्या चमकतील. जी चमकत नाय ती सांग."

"मधल्या चौकोनाच्या डाव्या बाजूला. दोन."

"सुईनं ढकलू नको. खालून उचल. पापनीवरचा कचरा काडतो ना, तसा."

सकाळचे दहा वाजले होते तेव्हा सुरुवात केली. त्यांच्या बायकोने मध्येच भाकरी आणि सुकटीची चटणी आणून ठेवली. दोन पिना सरळ व्हायला एक वाजला. जुना प्रोसेसर अलगद ठेवला, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली. माझे खांदे तेव्हा खाली आले.

मग काकांनी समजावलं. माझ्या बोर्डाच्या आत जो मूळ प्रोग्रॅम होता तो जुना होता. पुढच्या पिढीचा प्रोसेसर त्याला ओळखताच येत नव्हता. आधी जुन्या प्रोसेसरवर तो प्रोग्रॅम सुधारायचा आणि मगच नवीन बसवायचा. शिवाय मी आणलेला तगडा प्रोसेसर इतका तापणारा होता, की हा बोर्ड त्याला पुरेशी वीज देऊ शकला नसता. यादीत तो नव्हताच. त्याच्या खालचा, कमी तापणारा एक होता.

"तुम्ही यादी बघितलीत?"

"रविवारी बगितली. तू शनिवारीच डबा नेलास."

यादीतला तो प्रोसेसर त्यांच्याच कपाटातल्या एका जुन्या डब्यात होता. प्रोग्रॅम सुधारताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मेला असता, म्हणून त्यांनी दोन यूपीएस जोडले. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती आणि ते मला टक्के मोठ्याने वाचायला लावत होते. पंचाहत्तरला गल्लीतली वीज खरंच गेली. दोन्ही यूपीएस ओरडायला लागले. त्यांनी एकावर हात ठेवला, म्हणाले, "वाचत राहा." मी वाचत राहिले. शंभर झाले.

स्मरणिका वेळेवर निघाली. पहिली प्रत मी काकांना नेऊन दिली, कारण ते त्याच शाळेत शिकलेले. एक पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या वर्गाचा फोटो होता.

"यात तुम्ही कुठे ते ओळखा बघू," मी गमतीने म्हटलं.

ते पानावरून हात फिरवत राहिले. आतल्या दारातून त्यांची बायको म्हणाली, "ओलकतील कशे? दोन वर्सं झाली, नजर गेली त्यांची. साकर डोल्यांत गेली. निसता उजेड-अंदार कलतो. लेक रविवारी करावे गावातना येते, ती वाचून दाकवते सगला."

मला कुठे बघावं कळेना. जमत नसेल तर सांगायचं, हे मी बोलले होते.

"तिला कशाला सांगतेस," काका हळू म्हणाले. "लोक डबा आनायचे नायत मंग."

मी स्टूल जवळ ओढलं. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मुलगा, कान मोठे, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, असं सांगितलं. ते म्हणाले, "तो मी." मग एकेक जागा मी सांगत गेले आणि एकेक नाव ते सांगत गेले. सगळा वर्ग झाला तेव्हा दुपार कलली होती.

पुढच्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं. दोघं करावेला लेकीकडे राहायला गेली. मी जाईन जाईन म्हणत राहिले आणि एकदाच गेले. फोन मात्र ते दर महिन्याला करायचे. माझी चौकशी दोन वाक्यांत उरकायची, मग म्हणायचे, "आता फोन डब्याजवल धर." पंख्याचा आवाज ऐकून सांगायचे, धूळ साठली आहे, पुसून घे. किंवा, ठीक चाललाय.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. लेकीने कळवलं तेव्हा दहावाही उरकला होता.

ते जाण्याआधीच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. आवाज खोल गेलेला. मी नेहमीसारखा फोन डब्याजवळ धरला. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. फोन कट झाला असं वाटून मी तो कानाला लावला.

"काका, आहात ना?"

"थांब बाय," ते म्हणाले, "आयकतोय."