चावलेलं सुकेळं

मला लाळेची किळस येते, अगदी लहानपणापासून. कुणाच्या उष्ट्या कपातला चहा मी आजवर प्यायलेलो नाही. लग्नाच्या पंगतीत घास भरवायची वेळ आली तेव्हा बायकोने माझी फजिती ओळखून चमचा मागवला होता. अशा माणसाच्या पोटी अखंड गळणारं पोर जन्माला आलं. हनुवटी ओली, बाही ओली, टीव्हीचा रिमोटसुद्धा ओला. मी रुमाल घेऊन त्याच्या मागे फिरायचो.

आम्ही दोघंही नोकरीला जाणारे, म्हणून आई चांदीप गावाहून आमच्या विरारच्या फ्लॅटवर राहायला आली. एका शनिवारी लवकर घरी आलो, तर ती नातवाला मांडीवर घेऊन तोंडात काहीतरी घोळवत बसलेली. सुकेळं होतं ते. आमच्या वसईकडची वाळवलेली केळी, गुळासारखी गोड आणि डिंकासारखी चिकट. मशेरीने काळ्या झालेल्या दातांनी तिने त्याचा लगदा केला, बोटावर काढला आणि पोराच्या तोंडात सारला. लगद्याची तपकिरी तार मधेच लोंबत राहिली. पोर ते चोखत चोखत तसंच झोपून गेलं.

"शी! आई, काय घाण चालवलीयस?"

"घान कसली? पोराला कडक चावत नाय. आमच्यात असंच भरवतात."

काही दिवसांनी त्याच्या वरच्या दातांवर तपकिरी रेघ दिसली. सुकेळं चिकटलं असेल म्हणून मी नखाने खरवडायला गेलो, तर दाताचाच कपचा निघाला. आणि काय तो वास! दुधाच्या दातांच्या तोंडाला उकिरड्याचा वास येत होता.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ उचलून दाखवला. वरचे पुढचे चार दात हिरडीपाशी कुजलेले, खालचे मात्र तांदळासारखे पांढरे.

"खालचे लाळेत बुडालेले असतात, म्हणून वाचले," त्या म्हणाल्या. लाळ गोड धुऊन काढते, आंबट मारते, जंतूंशी लढते. पण एवढ्याशा मुलांचं ते बळ अजून कोवळं, आणि झोपेत लाळ सुटते तीही थोडीच. त्यात मोठ्यांच्या तोंडातले जंतू, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. चिकट गोड आणि चावून भरवणं बंद करा, रोज दात घासा, नाहीतर चारही काढावे लागतील, असं त्यांनी बजावलं. मी रुमालाने पुसत होतो ती घाणच पोराची राखण करत होती. हे कळल्यावरही किळस काही कमी झाली नाही.

सुकेळ्यांचा पुडा आईने माळ्यावर टाकला. पोर मात्र जेवेना. आईच्या ओठांत बोट घालून ते उघडायला बघायचं, आणि ती दातखीळ बसल्यासारखी तोंड मिटून भिंतीकडे बघत राहायची. दात घासायचं माझ्याकडे आलं. रोज त्याची लाळ मनगटापर्यंत ओघळायची आणि मी श्वास रोखून घासत राहायचो.

एका रविवारी दुपारी त्याने ताटातला भात स्वतःच उचलला, चावला, मग बाहेर काढला आणि आईच्या तोंडाशी नेला. तिने मान फिरवली. डोळे भरलेले मला दिसले. नातवापासून आजीला काय होणार होतं? पण माझा धाकच तसा होता. मग तो माझ्याकडे आला. बोटांतून पांढरं पाणी ठिबकत होतं.

"बाबा, आ."

मी डोळे मिटून तोंड उघडलं. कोमट, बुळबुळीत लगदा जिभेवर पडला. उमासा आला, तसा मी थुंकायला बेसिनकडे वळलो.

"तू पन मला असंच भरवायचास," आई मागून म्हणाली. "मी खायची."

मी गिळला.