डाव्या पायाची धार

राउमा गावात तौनो हक्काराइनेनच्या हाताला नावं ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं स्केटना धार लावायचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी तो फारसा बोलत नसे. पातं उचलायचं, अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढायचं, नखाची पांढरी भुकटी कुठे कमी निघते ते बघायचं आणि सांगायचं, "बाहेरची कड टाचेकडे मेलीय. दगडाबिगडावर चाललास का रे?" समोरचा ओशाळून हो म्हणायचा.

या हातामुळेच तो अकरा वर्षं फिनलंडच्या आइस हॉकी संघाबरोबर देशोदेशी हिंडला. सोन्याची पदकं त्याने पुष्कळ पाहिली, पण सगळी दुसऱ्यांच्या गळ्यात. रशियाकडून हरलं की घरी लोक उसासा टाकत, ते मोठेच आहेत म्हणत. शेजारच्या स्वीडनकडून हरलं तर मात्र दुसऱ्या दिवशी गावच्या कागद गिरणीत कुणी कुणाशी बोलत नसे.

त्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर स्वीडनच आला.

तीनपैकी दोन भाग झाले तेव्हा फिनलंड तीन-दोनने पुढे होता. खेळाडू कपडे बदलायच्या खोलीत परतले. तौनोच्या यंत्रापुढे स्केट्सचा ढीग पडला. प्रशिक्षक ओरडत होता, "आधी कप्तानाचे कर! मग पुढच्या फळीचे!" एवढ्यात योर्मा लेहतिसारी आला. बचाव फळीचा, रुंद खांद्यांचा, तौनोच्याच गल्लीत वाढलेला. दोघं एकाच शाळेत होते, एकाच खाडीत पोहायला शिकले होते.

"तौनो, डावा बघ ना. गोलच्या खांबावर आपटलाय. वळताना धरत नाहीये."

तौनोने पातं नखावर ओढलं. आतली कड मधोमध बोटभर तुटली होती. यंत्रावर नीट घासायला पाच मिनिटं लागली असती, आणि हाताशी चार होती. कप्तानाचा जोड अजून बाकी होता. त्याने खिशातला दगड काढला, कडेवर दोनदा वरवर फिरवला आणि स्केट परत दिला.

"चालेल?" योर्माने विचारलं.

"चालेल की. जा."

सामना संपायला पन्नासेक सेकंद उरली असताना स्वीडनचा एक खेळाडू चकती घेऊन डावीकडून सुटला. योर्मा मागे सरकत होता. त्याला अडवायला तो वळला, डाव्या पायावर भार टाकला आणि पाय खालून निघून गेला. कुणी ढकललं नव्हतं, कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. तो पाठीवर पडून तसाच फिरत गेला आणि गोल झाला. बरोबरी. जादा वेळेत आणखी एक गोल झाला, आणि पलीकडचे पिवळे शर्ट एकमेकांच्या अंगावर चढून नाचू लागले.

खोलीत कुणी बूट सोडत नव्हतं. प्रशिक्षकाने योर्मासमोर उभं राहून विचारलं, "झालं तरी काय?"

योर्माने खाली वाकून डाव्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग मान वर करून तौनोकडे पाहिलं, चांगलं दोन श्वास पाहिलं. तौनो यंत्राची तार गुंडाळत होता. त्याची बोटं थांबली नाहीत.

"पाय घसरला," योर्मा म्हणाला.

गाव आधी गप्प राहिलं, मग त्याला कंठ फुटला. योर्मा किराणा दुकानात शिरला की कुणीतरी मुद्दाम पाय घसरल्यासारखं करी आणि बाकीचे खो-खो हसत. हिवाळ्यात रस्त्यावर कुणी आपटलं की लोक म्हणत, "काय रे, योर्मा झाला का?" पुढे तर मुलांना हा माणूस कोण हेही ठाऊक नव्हतं, शब्द तेवढा ठाऊक होता. त्याची मुलगी शाळेतून रडत यायची. संघात त्याला परत घेतलं नाही, गावच्या क्लबनेही दोन वर्षांत नारळ दिला.

तौनोने हे सगळं दुकानाच्या खिडकीतून पाहिलं. बायकोला, इर्याला, त्याने एकदा सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. मळता मळताच म्हणाली, "मग बोल ना."

"आता बोलून काय होणार? गोल थोडाच पुसला जाणार?"

"गोल नाही. पण त्या पोरीचं रडं थांबेल."

"सीझन संपू दे. मग बघू."

इर्याने कणीक झाकून ठेवली. सीझन संपला, दुसरा आला. तौनोला संघाच्या सेवेबद्दल मानचिन्ह मिळालं, ते त्याने दुकानात न लावता कपाटात टाकलं. त्याला वाटलं, एवढं प्रायश्चित्त पुरे आहे.

योर्मा घरच्यांना घेऊन काम शोधत स्वीडनला गेला. गोथेनबर्गच्या एका कारखान्यात लागला. तिथे त्याला कुणी टाकून बोललं नाही. उलट ओळख पटली की पाठीवर थाप पडायची, "अरे, हा तर आपल्याला सोनं देणारा! याला एक बिअर पाजा!" वाढदिवसाला त्यांनी त्याला एक पिवळा शर्ट दिला. ही हकिगत राउमात पोचली तेव्हा लोक पोट धरून हसले. तौनोही त्या टोळक्यात उभा होता. तोही थोडा हसला.

बावीस वर्षं गेली. दरम्यान फिनलंडने सोनं जिंकलं, चौकात लोक कारंज्यात उड्या मारून नाचले. टीव्हीवर जुने पराभवही दाखवले. योर्मा पाठीवर फिरत जाताना तीनदा दाखवला, तोही सावकाश.

त्यानंतरच्या वसंतात योर्माची आई गेली. अंत्यविधीला तौनो मागच्या बाकावर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हातारीच्या घरी गेला. योर्मा एकटाच सामान आवरत होता. केस पार पांढरे, गुडघ्यातून वाकलेला. त्याने तौनोला आत बोलावलं, खुर्ची दिली. चुलीवर किटली होती, पण कॉफी काही विचारली नाही.

"योर्मा, मला एक सांगायचंय. त्या दिवशी तुझा डावा स्केट..."

"वरवर घासलास."

तौनोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अंगठा फिरवला तेव्हाच कळलं मला," योर्मा म्हणाला. तो वर्तमानपत्रात बशा गुंडाळत होता. "तेव्हा वाटलं, तौनो आता बोलेल. खोलीत नाही बोललास, म्हटलं घाबरलाय. विमानात नाही बोललास, म्हटलं घरी गेल्यावर बोलेल. वर्षभर वाट बघितली रे. रोज."

"तू का नाही सांगितलंस मग?"

"मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, पडला तो पडला, वर धारवाल्यावर ढकलतोय. ते तुझ्याच तोंडून यायला हवं होतं."

"म्हणून तर आलोय. पेपरात देतो. माझ्या नावानिशी."

योर्माने हातातली बशी खाली ठेवली. "कशाला? माझी आई गेली. तिला म्हातारपणी दुकानात पाव घ्यायला जायची लाज वाटायची. मुलगी स्वीडिश झाली, इथली भाषा बोलत नाही. आता तुला हलकं व्हायचंय होय? हो बाबा हलका. पण माझ्या अंगणात नको. जा."

तौनो गेला. तरी त्याने पत्र लिहिलंच. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलं: तुटलेली कड मला दिसली होती, मी काम टाळलं, योर्मा लेहतिसारीचा काही दोष नाही. गावच्या पेपराने ते शनिवारी छापलं, सोबत तौनोचा जुना फोटो.

सोमवारी दुकानात गर्दी झाली. गिरणीतून निवृत्त झालेला वाल्टेरी सगळ्यांत पुढे होता. त्याने तौनोचा हात दोन्ही हातांत धरला.

"तौनो, तू देवमाणूस आहेस. मित्रासाठी एवढं कोण करतं?"

"अरे, मित्रासाठी नाही. खरंच तसं झालं होतं."

"हो हो, झालं होतं," वाल्टेरी डोळा मिचकावत म्हणाला. "तुझ्या हातून कड तुटकी जाईल? चाळीस वर्षं धार लावून घेतोय मी तुझ्याकडे. तो बिचारा म्हातारा झाला, त्याच्या आईचं दुःख, तुला कळवळा आला. आम्हाला कळतं रे."

"वाल्टेरी, ऐक तर..."

"बास! एक शब्द नको." आणि मागचे सगळे माना डोलवू लागले. एका बाईने केक आणला होता. तिच्या तर डोळ्यांत पाणी होतं.

तौनो दिवसभर सांगत राहिला. जेवढं सांगे तेवढं लोकांचं प्रेम वाढे. संध्याकाळी चार वाजता तो थकला आणि त्याने सांगणं सोडून दिलं. केक कापला, सगळ्यांना वाटला.

गुरुवारी गोथेनबर्गहून फोन आला. इर्याने उचलला, नाव ऐकून रिसीव्हर नवऱ्यापुढे धरला.

"आत्तेभावाने कात्रण पाठवलं," योर्मा म्हणाला. "खाली चिठ्ठी जोडलीय. 'बघ, तुला कसला मित्र मिळाला होता. त्याचे आभार मान.' तर मानतो बाबा. आभार."

"योर्मा, मी सगळ्यांना सांगितलं रे, कुणी..."

"बावीस वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मानलं असतं त्यांनी. तेव्हा तू नुसता धारवाला होतास."

फोन ठेवल्याचा आवाज आला. इर्या दाराशी उभी होती. तिने स्वतःपुरतं सूप वाढून घेतलं आणि जेवायला बसली.

तौनोने पुढे आणखी सहा वर्षं दुकान चालवलं. गिऱ्हाइकं पूर्वीपेक्षा वाढली होती.